टोन स्टॅक

टोन स्टॅक हे व्हॉल्व्हवर चालणाऱ्या गिटार अँप्लिफायरमधील असे विद्युत मंडल आहे, ज्यात खर्ज (बास), मध्य (मिडल) आणि तार (ट्रेबल) या स्वरपट्ट्यांचे परस्परप्रमाण ठरते. त्यात रोधक, धारित्रे आणि फिरत्या दांड्याचे परिवर्ती रोधक एवढेच घटक असतात. धारित्रास रेडिओ दुरुस्तीच्या दुकानांत कंडेन्सर, तर परिवर्ती रोधकास पॉट किंवा कंट्रोल म्हटले जाते. या मंडलात वर्धन करणारा कोणताही घटक नसल्याने ते कोणतीही वारंवारता वाढवू शकत नाही, फक्त कमी-अधिक प्रमाणात घटवू शकते. ‘बास वाढवला’ असे वादक म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात बासची घट कमी झालेली असते. म्हणूनच फेंडरच्या १९६० च्या दशकातील तीन कंट्रोलच्या अँप्लिफायरमध्ये तिन्ही शून्यावर ठेवले असता आवाज जवळजवळ बंद होतो.

रचना आणि प्रकार

सर्वाधिक प्रचलित रचनेत आलेला संकेत दोन वाटांनी जातो. एका वाटेवर लहान ट्रेबल धारित्र असते आणि ते केवळ उंच वारंवारता पुढे सोडते. दुसऱ्या वाटेवर ‘स्लोप’ रोधक असून त्यापुढे बास व मिडलची मोठी धारित्रे जोडलेली असतात. दोन्ही वाटा ट्रेबल पॉटमध्ये पुन्हा एकत्र येतात. त्या एकमेकींपासून विलग नसल्याने एक कंट्रोल फिरवला की उरलेल्या दोहोंचे कामही थोडे बदलते. मधल्या स्वरपट्टीत एक खळगा पडतो, आणि अँप्लिफायरचा ओळखीचा आवाज बराचसा या खळग्याच्या जागेवर व खोलीवर अवलंबून असतो.

अमेरिकेतील फेंडर कंपनीच्या बासमन ५एफ६-ए या अँप्लिफायरात ट्रेबल धारित्र २५० पिकोफॅरड, स्लोप रोधक ५६ किलोओहम आणि उरलेली दोन्ही धारित्रे ०.०२ मायक्रोफॅरडची होती. लंडनमधील जिम मार्शल यांच्या दुकानात तयार झालेल्या जेटीएम ४५ मध्ये हीच रचना जवळपास जशीच्या तशी घेतली गेली. पुढे मार्शलने स्लोप रोधक ३३ किलोओहमवर आणला आणि ट्रेबल धारित्र सुमारे ५०० पिकोफॅरडचे केले. फेंडर उलट दिशेने गेली. तिच्या ट्विन रिव्हर्बमध्ये स्लोप रोधक १०० किलोओहम, तर बासचे धारित्र ०.१ मायक्रोफॅरडचे आहे. मार्शलचा मध्यस्वर पुढे येणारा, तर फेंडरचा मधे पोकळ आणि टोकांना लखलखीत वाटतो, याचे मोठे कारण या थोड्या घटकांत आहे.

पीटर बॅक्सँडॉल यांनी १९५२ मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’ या ब्रिटिश नियतकालिकात मांडलेले मंडल वेगळ्या कुळातले आहे. त्यात ऋण पुनर्भरण वापरले जात असल्याने कंट्रोल मध्यावर असताना प्रतिसाद सपाट राहतो. संगीत ऐकण्याच्या यंत्रांत ते रूढ झाले. गिटारच्या अँप्लिफायरला मात्र सपाटपणा क्वचितच हवा असतो.

घटक बदलल्याने होणारे परिणाम

ट्रेबल धारित्र आणि ट्रेबल पॉट यांवरून कंट्रोल कोठे काम करू लागेल याचा ढोबळ अंदाज येतो. २५० पिकोफॅरड आणि २५० किलोओहम यांची छेद-वारंवारता सुमारे २,५५० हर्ट्‌झ येते, आणि धारित्र ५०० पिकोफॅरडचे केले की ती निम्म्यावर येते. २२ पडद्यांच्या गिटारीचा सर्वांत उंच मूलस्वर सुमारे १,१७५ हर्ट्‌झचा असतो. त्यामुळे लहान धारित्र मुख्यतः तारेच्या झंकारावर, तर मोठे धारित्र प्रत्यक्ष स्वरांवरही परिणाम करते.

स्लोप रोधक लहान केला की खळगा उथळ होतो व वर सरकतो. मोठा केला की तो खोल होतो आणि खाली जातो. बासचे धारित्र ०.१ वरून ०.०२२ मायक्रोफॅरडवर आणल्यास आवाज विकृतीच्या पातळीवर वाजवताना खर्ज गढूळ होत नाही, पण स्वच्छ आवाजाचे वजन घटते. फेंडरच्या डीलक्स रिव्हर्बमध्ये मिडलचा कंट्रोलच नाही. त्याच्या जागी ६.८ किलोओहमचा स्थिर रोधक आहे आणि तो वाढवला की मध्यस्वरासह एकूण आवाजही चढतो. एका वेळी एकच घटक बदलून ऐकणे आवश्यक ठरते, अन्यथा कोणत्या बदलाने काय झाले हे कळत नाही.

नांदेड व लातूर भागातील सुट्या भागांची निवड

गिटार अँप्लिफायरचे खास सुटे भाग विकणारी बाजारपेठ नसलेल्या नांदेड किंवा लातूरसारख्या शहरांत मूळ मूल्याचा आग्रह बहुधा अनाठायी असतो. नांदेडहून हैदराबादच्या कोठी भागातील गुजराती गल्ली, तर लातूरहून पुण्याची बुधवार पेठ किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड येथील बाजार गाठता येतो. तेथेही २५० पिकोफॅरडऐवजी २२० किंवा २७०, आणि ०.०२ ऐवजी ०.०२२ हीच प्रमाणित मूल्ये सहज मिळतात. कार्बन पॉटच्या मूल्यात २० टक्क्यांपर्यंत फरक चालतो, त्यामुळे २५० किलोओहमच्या जागी २२० किलोओहमचा पॉट लावल्यास फारसे बिघडत नाही.

विभव-क्षमतेत मात्र तडजोड करता येत नाही. ट्रान्झिस्टर रेडिओंसाठी मिळणारी ५० व्होल्टची चकती धारित्रे येथे निरुपयोगी व धोकादायक ठरतात, कारण टोन स्टॅकच्या तोंडाशी कित्येकदा २०० व्होल्टपेक्षा अधिक एकदिश दाब असतो. जुन्या काचनळीच्या दूरचित्रवाणी संचांच्या दुरुस्तीसाठी लागणारी ४०० व ६३० व्होल्टची पॉलिएस्टर धारित्रे बास-मिडलसाठी योग्य ठरतात. त्या संचांतील १ किलोव्होल्टच्या काही सिरॅमिक चकत्यांचे मूल्य मात्र दाब व तापमानानुसार बदलते. म्हणून ट्रेबलसाठी ५०० व्होल्टचे सिल्व्हर मायका अधिक विश्वसनीय असते.

घटकांना हात लावण्यापूर्वी वीजदाब मोजणे शहाणपणाचे असते. ग्रामीण वाहिनीवर दाब घसरला की व्हॉल्व्हचा तापतंतू आणि उच्चदाब दोन्ही उतरतात. असा मंद, दबलेला आवाज कोणत्याही धारित्राने सुधारत नाही.

सुरक्षितता

वीज बंद करून प्लग काढल्यावरही गाळण धारित्रांत ३०० ते ४५० व्होल्टचा भार बराच वेळ टिकू शकतो आणि तो जीवघेणा असतो. तो योग्य रोधकातून उतरवून मीटरने खात्री केल्यावरच काम केले जाते. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून भार उतरवण्याची काही कारागिरांची सवय धारित्र व माणूस दोहोंनाही घातक आहे.

गिटारच्या तारा केबलमार्गे अँप्लिफायरच्या चौकटीला जोडलेल्या असतात, म्हणून अर्थिंग हा वादकाच्या जिवाचा प्रश्न आहे. दोन पिनांच्या जुन्या अमेरिकी अँप्लिफायरांत वीजवाहिनीपासून चौकटीपर्यंत एक धारित्र असते. ते निकामी झाले तर चौकट थेट प्रवाहित होते. असा अँप्लिफायर २३० व्होल्टवर चालवण्यासाठी दाब उतरवणारा रोहित्र लागतो, पण केवळ त्याने हा दोष दूर होत नाही. ते धारित्र काढून तीन पिनांची वायर बसवावी लागते. मराठवाड्यातील उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळते आणि अर्थिंगच्या खड्ड्यातील ओल आटून त्याचा रोध वाढतो. त्या दिवसांत तिसरी पिन असूनही तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही आणि खड्ड्यात पाणी घालून रोध पुन्हा मोजावा लागतो.