सामाईक रस्ता आणि गेटाच्या आतली केबल

मुंबईच्या मालमत्ता पत्रकात ‘सुविधाधिकार’, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवरून जाण्यायेण्यासारखा हक्क, असा एक रकाना असतो. मौजे नाहूर, तालुका कुर्ला, जिल्हा मुंबई उपनगर. इथे दोन सोसायट्या एकाच गेटातून आत जात असतील आणि फायबरच्या चरावरून त्यांच्यात वाजले असेल, तर कागद चाळायला सुरुवात या रकान्यापासून करावी. पुष्कळदा तो कोराच निघतो. त्याच्या खाली ‘हक्काचा मूळ धारक’ म्हणून कुणा जुन्या जमीनमालकाचे किंवा बिल्डरचे नाव असते. सोसायटीचे नाव नसते, कारण जमीन सोसायटीच्या नावे करून देणारे अभिहस्तांतरण झालेलेच नसते. 1963 चा मोफा, म्हणजे महाराष्ट्राचा मालकीच्या सदनिकांचा कायदा, आणि त्याखालचे नियम बिल्डरला त्यासाठी चार महिने देतात. ते कोणी पाळत नाही म्हणून 2008 मध्ये बिल्डरच्या सहीवाचून होणाऱ्या मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद करावी लागली, यावरून काय ते समजावे.

रकाना कोरा असला तरी वहिवाट असतेच. ती मोजायची 1882 च्या सुविधाधिकार कायद्याने. मुंबई इलाख्याला तो लागू झाला 1891 मध्ये. त्याच्या कलम 28 मध्ये एक लहानसे वाक्य आहे. एका प्रकारच्या जाण्यायेण्याच्या हक्कात दुसऱ्या प्रकारचा हक्क येत नाही, असा त्याचा आशय. म्हणजे ‘वीस वर्षं आमच्या गाड्या इथून जातात’ हे वाक्य सभेत कितीही ठणकावून सांगितले, तरी तेवढ्यावर त्या रस्त्यात पाइप पुरायचा हक्क मिळत नाही.

मग याच रस्त्यांवरून टेलिफोन आत कसा आला? जुन्या सोसायटीच्या दप्तरात टेलिफोनच्या खांबासाठी घेतलेले शेजाऱ्याचे संमतीपत्र सापडले नाही, तर ते गहाळ झाले असे समजू नये. ते मागायची गरजच नव्हती. 1885 च्या तार कायद्याचे कलम 10 तार खात्याला कोणाच्याही स्थावर मिळकतीवरून, खालून, आडवी तार नेण्याची मुभा देत होते. अटी अशा, की खात्याला मिळणार तो फक्त वापराचा हक्क, मालकीचा नव्हे. नुकसान कमीत कमी करायचे आणि झालेल्याची पूर्ण भरपाई द्यायची. पालिकेसारख्या स्थानिक संस्थेच्या जागेसाठी मात्र परवानगी आवश्यक होती. खाजगी मालक आडवा आला, तर कलम 16 प्रमाणे जिल्हा दंडाधिकारी. थोडक्यात, पालिकेला विचारायचे, शेजाऱ्याला नाही. टेलिफोन खात्याकडे असताना हेच चालले, आणि 1 एप्रिल 1986 ला मुंबईचे टेलिफोन महानगर टेलिफोन निगमकडे गेल्यावरही कायदा तोच राहिला.

केबल टीव्हीवाल्याला असला आधार नव्हता. 1995 च्या केबल कायद्यात मार्गाधिकाराचे, म्हणजे तार नेण्याच्या हक्काचे, कलम आले ते 2011 च्या दुरुस्तीने, आणि तेही सार्वजनिक संस्थांच्या जागांपुरते. म्हणून तार गच्चीवरून गच्चीवर गेली, ती चेअरमनच्या ‘टाका, काही हरकत नाही’ एवढ्या शब्दावर. अशी तोंडी परवानगी 1882 च्याच कायद्यात ‘अनुज्ञप्ती’ म्हणून बसते. देणारा ती मागे घेऊ शकतो. पण तिच्या भरवशावर समोरच्याने खर्च करून कायम स्वरूपाचे बांधकाम केले असेल, तर कलम 60 प्रमाणे घेऊ शकत नाही. गच्चीवर लोंबणारी तार उद्या कापता येते. रस्ता खणून, डक्ट टाकून, वर पेव्हर ब्लॉक बसवले की तेवढ्या सहजपणे मागे फिरता येईल असे नाही. शेजारची कमिटी ‘आधी लेखी आणा’ म्हणते तेव्हा तिला आडमुठी ठरवण्याची घाई होते. मला ती शहाणी वाटते.

तार कायद्याखालच्या नोव्हेंबर 2016 च्या मार्गाधिकार नियमांनी लालबहादूर शास्त्री मार्गासारख्या सार्वजनिक रस्त्यांचा प्रश्न बराच सोपा केला. किलोमीटरमागे 1,000 रुपयांपर्यंत प्रशासकीय शुल्क, निर्णयाला 60 दिवस, असे त्यांत होते. पण हे सगळे सरकारी आणि पालिकेच्या जागांचे होते. गेटाच्या आत शिरायला त्या नियमांचा उपयोग नव्हता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने पॉवर ग्रिड विरुद्ध सेंच्युरी टेक्स्टाइल्स या खटल्यात 1885 च्या कलम 10 चाच आधार घेऊन सांगितले, की वीजवाहिनी नेण्यासाठी जमीनमालकाची पूर्वसंमती लागत नाही. वाहिनी उच्चदाबाची होती. सोसायटीच्या सभेत हा निकाल फडकवणाऱ्याने तेवढे लक्षात ठेवावे.

2023 च्या दूरसंचार कायद्याने क्रम उलटा केला. त्याची मार्गाधिकाराची कलमे 26 जून 2024 पासून अमलात आली. कलम 12 प्रमाणे कंपनीने आधी खाजगी जागेसाठी अर्ज करायचा आणि मोबदला ठरवून करार करायचा. करार झाला नाही, आणि केंद्र सरकारला सार्वजनिक हिताची गरज पटली, तरच पुढची सक्ती. 1885 चा बडगा गेलेला नाही, पण तो आता कराराच्या मागे उभा आहे. नाहूरमधल्या अभिहस्तांतरण न झालेल्या सोसायटीला उपयोगी शब्द याच कलमात आहेत. अर्ज ज्याच्याकडे करायचा, त्याच्या हाती जागेची मालकी, नियंत्रण ‘किंवा’ व्यवस्थापन असले तरी चालते. मालमत्ता पत्रकावर नाव मूळ धारकाचे असो. रस्ता झाडणे, दिवे लावणे, वॉचमनचा पगार हे सगळे सोसायटी करत असेल, तर कंपनीच्या कागदावर सही सेक्रेटरीची चालेल, असा माझा अर्थ. रस्ता दोन सोसायट्यांचा असेल तर दोघांच्या सेक्रेटरींची, आणि दोन्हीकडचे सभेचे ठराव सोबत जोडून.