थेंबाला लागलेली शिस्त

कागदाला टेकवली की शाई यावी आणि उचलली की थांबावी, लेखणीकडून माणसाची अपेक्षा ती एवढीच. ऐकायला ही मागणी किती साधी! परंतु ती नीट पुरी व्हायला जवळजवळ हजार वर्षे जावी लागली. इ. स. ९५३ ते ९७५ या काळात उत्तर आफ्रिकेत आणि पुढे इजिप्तमध्ये राज्य करणाऱ्या अल-मुइझ्झ या फातिमी खलिफाने तशी लेखणी मागितल्याची हकीकत त्याचा न्यायाधीश अल-नुमान याने लिहून ठेवली आहे. शाई लेखणीच्या पोटातच असावी, लिहिताना ती उतरावी, आणि लेखणी उलटीसुलटी केली तरी हाताला वा कपड्याला डाग पडू नये, अशी खलिफाची फर्माईश. कारागिराने तशी लेखणी करून दिली, असेही तो सांगतो. ती लेखणी आज कुठे नाही. मागे उरली ती फर्माईश.

तोवर जग बुडवून लिहीत राहिले. आपल्याकडे बोरू होता, दौत होती, आणि ओली अक्षरे सुकवायला चिमूटभर वाळू होती. बोरू वारंवार उचलावा लागू नये म्हणून मोडीने आपली वळणेच तशी घडवून घेतली. अक्षराला अक्षर बिलगून ओळीच्या ओळी धावत जातात. परंतु बोरू उचलावा लागला नाही, तरी बुडवावा लागेच. पेशवाईतला एखादा कागद निरखून पाहावा. शाई गडद होते, विरत जाते आणि पुन्हा गडद होते. कारकून दौतीकडे केव्हा वळला, ते दोन-अडीचशे वर्षांनंतरही आपल्याला दिसते! पुढे इंग्लंडातील बर्मिंगहॅमच्या पोलादी निबा आल्या आणि बोरूच्या जागी टाक आला. दौत मात्र जागची हलली नाही. लिहिणाऱ्याला दौतीजवळच बसणे भाग होते. दावे बांधलेल्या गाईने खुंट्याभोवती चरावे, तशी त्याची गत.

या इतिहासात माझे मन गुंतले ते एका जुन्या काळ्या पेनापायी. पुण्याच्या जुन्या बाजारात गंजकी कुलपे आणि पितळी कड्या यांच्यामध्ये ते पडले होते. भाव मामुली होता, म्हणून घेतले. घरी आणून साध्या पाण्यात भिजत ठेवले, तर पाणी निळे झाले. ते टाकून दुसरे घेतले, तेही निळे झाले. कुणाची ही शाई? कोणते पत्र अर्धे राहिले होते? दोन दिवसांनी पाणी निवळले. ड्रॉपरने शाई भरली, निब कागदाला टेकवली, आणि मी चकितच झालो. हाताला जोर म्हणून लावावा लागेना. पेनाच्या नुसत्या वजनाने रेघ उमटत होती. वर्षानुवर्षे बॉलपेन दाबून दाबून लिहिणाऱ्या माझ्या बोटांना हे सुख अगदी अपरिचित होते.

सुखामागून कुतूहल आले. पोटात इतकी शाई भरली आहे, तोंड खाली आहे, मग ती सगळी भसकन् खाली का येत नाही? म्हणून पेन उघडले. निबेच्या पोटाशी एक काळी जीभ असते. पेनवाले तिला ‘फीड’ म्हणतात. तिच्यावर केसासारख्या बारीक खाचा होत्या. फाउंटन पेनाचा सारा इतिहास या खाचांत भरलेला आहे, हे मला मागाहून समजले.

तेलाची भरलेली बाटली उपडी करून पाहा. तेल सरळ धारेने येत नाही. गुटगुट करीत, थांबत थांबत येते. जेवढे तेल बाहेर पडते, तेवढी हवा आत शिरावी लागते, आणि दोघांची वाट एकच असल्याने दारातच त्यांची झोंबाझोंबी होते. जुन्या पेनांचे नेमके हेच दुखणे होते. हवा आत गेली नाही तर पेन कोरडे, आणि एकदम गेली तर कागदावर डबके! पॅरिसमध्ये शिकणाऱ्या पेत्राके पोएनारू या रोमानियन तरुणाने २५ मे १८२७ रोजी अशा लेखणीचे फ्रेंच पेटंट घेतले. त्याच्यानंतरही पुष्कळांनी खटपट केली. परंतु थेंब काही कुणाला वश होईना.

तो वश केला न्यूयॉर्कच्या लुइस एडसन वॉटरमन याने. १२ फेब्रुवारी १८८४ या दिवशी त्याला पेटंट मिळाले. त्याने फीडवर एक खाच पाडली आणि त्या खाचेच्या तळाशी आणखी बारीक चिरा पाडल्या. केशाकर्षणाने शाई चिरांतून खाली उतरते आणि हवा खाचेतून वर जाते. दोघींना वाटा मिळाल्या आणि भांडण मिटले. वॉटरमन विम्याचा एजंट होता, ऐन सहीच्या वेळी त्याच्या पेनातून शाई सांडली आणि गिऱ्हाईक हातचे गेले, म्हणून चिडून त्याने हा शोध लावला, अशी एक गोष्ट सर्वत्र सांगतात. गोष्ट झकास आहे. परंतु तिला त्या काळचा पुरावा सापडलेला नाही. तेव्हा तिची जागा गप्पांत, इतिहासात नव्हे.

मौज अशी की, या कलेत ज्यांनी मोठी भर घातली त्यांतले काही मुळात पेनवाले नव्हतेच. जॉर्ज पार्कर हा अमेरिकेतल्या जेन्सव्हिल गावी तारयंत्राचे शिक्षण देणारा मास्तर. जोडधंदा म्हणून तो विद्यार्थ्यांना पेने विकी, आणि ती बिघडली की दुरुस्तही करून देई. दुरुस्तीला कंटाळून त्याने स्वतःचेच पेन काढले आणि १८८८ मध्ये कंपनी थाटली. पेन खिशात उभे असताना फीडमध्ये उरलेली शाई परत पोटात उतरावी, अशी वाकडी जीभ त्याने १८९४ मध्ये आणली. वॉल्टर शेफर हा फोर्ट मॅडिसनचा जवाहिऱ्या. ड्रॉपर नको, एक कळ उचलावी, आतली रबरी पिशवी दाबली जावी आणि सोडताच तिने शाई ओढून घ्यावी, ही युक्ती त्याची. तिचे पेटंट १९०८ चे.

निबेची कहाणीही अशीच रंजक. जुन्या शाईत आम्ल असे, ते पोलादाला खाऊन टाकी. म्हणून निब सोन्याची झाली. परंतु सोने पडले मऊ, कागदावर घासून ते झिजणार. म्हणून टोकाला इरिडियमच्या जातीच्या कठीण धातूचा कण बसवला. अंग करायचे ते एबोनाइटचे, म्हणजे गंधक घालून कठीण केलेल्या रबराचे; तेही शाईला दाद देत नाही. माझे जुन्या बाजारातले पेन एबोनाइटचेच निघाले. टोपणाखालचा भाग काळाभोर आणि उघडा भाग तपकिरी! उजेडाने एबोनाइट असे विटते. ते पेन किती वर्षे टोपण लावून उजेडात पडून होते, याची ती नोंदच समजावी.

आपल्याकडे पेन आले ते साहेबाच्या खिशातून, आणि पाहता पाहता शिकलेल्या माणसाचे लक्षण होऊन बसले. भाषाशुद्धीच्या चळवळीने त्याला ‘झरणी’ असे गोड नाव दिले. लोकांनी मात्र फाउंटन पेनच म्हटले. नावाचे काय ते असो, वस्तू परदेशी होती, हे शल्य होतेच. राजमहेंद्रीच्या के. व्ही. रत्नम यांनी गांधीजींच्या प्रेरणेने स्वदेशी पेन तयार केले. स्वतः गांधीजी बोरूचे पक्षपाती. तरीही जुलै १९३५ मध्ये वर्ध्याहून पत्र लिहून, बाजारातल्या परदेशी पेनांना हा चांगला पर्याय दिसतो, अशी पावती त्यांनी दिली. पण शाई परदेशी असेल तर पेन स्वदेशी असून काय उपयोग? तिचे उत्तर मुंबईत तयार होत होते. दिगंबर परशुराम दांडेकर आणि त्यांचे बंधू गोविंदराव यांनी १९३१ मध्ये शाईच्या भुकटीपासून आणि वड्यांपासून उद्योग आरंभला, आणि त्यातूनच ‘कॅमल’ शाई घरोघर पोचली. आज या उद्योगात जपानच्या कोकुयो कंपनीचा मोठा वाटा आहे. परंतु ‘कॅमल’ म्हटले की डोळ्यांपुढे उंटाचे चित्र अजूनही उभे राहते.

पेनाचा आणखी एक अर्थ आपल्या देशात आहे, तो अमेरिकेतल्या जाहिरातींत सापडायचा नाही. बाबासाहेब आंबेडकरांना उत्तम पेनांचा शौक होता. गावोगावच्या त्यांच्या पुतळ्यांकडे पाहा. कोटाच्या खिशाला बहुधा पेन असतेच. ज्या समाजाच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या लेखणी पडू दिली नाही, त्याच्या दृष्टीने ते खिशातले पेन म्हणजे शोभेची वस्तू नव्हे. तो मिळवलेला हक्क आहे. आणि योग असा की, ज्या घटनेच्या मसुदा समितीचे ते अध्यक्ष, तिची सुंदर हस्तलिखित इंग्रजी प्रत प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी लिहिली ती मात्र टाकाने, निब शाईत बुडवून बुडवून!

पुढे बॉलपेन आले. लास्लो बिरो या हंगेरियन पत्रकाराने अर्जेंटिनात १९४३ मध्ये त्याचे पेटंट घेतले, आणि २९ ऑक्टोबर १९४५ रोजी न्यूयॉर्कच्या एका दुकानात बॉलपेन विक्रीला आले तेव्हा लोकांची झुंबड उडाली. त्याने थेंबाला शिस्त लावली नाही, थेंबच नाहीसा केला. शाई घट्ट, तोंडाशी गोळी. गळण्याचा प्रश्न मिटला. आपल्याकडे कित्येक शाळांनी अक्षर बिघडेल या धास्तीने त्याला बरीच वर्षे उंबऱ्याबाहेर ठेवले. शेवटी ते आत आलेच, आणि ते स्वस्त, बिनतक्रार असल्याने गरिबाच्या मुलाचा फायदाही झाला. हे न मानणे कृतघ्नपणाचे होईल. गेले ते एवढेच: शेजारच्या बाकावरून उसना घेतलेला शाईचा थेंब, डाग टिपायला धरलेला खडू, आणि न दाबता लिहिण्याची सवय.

माझ्यापाशी आता नऊ पेने आहेत. नव्वद करायची हौस मला नाही. प्रत्येक पेन घेताना मी एकच प्रश्न विचारतो: याने थेंबाला कसे आवरले? एक ड्रॉपरने भरायचे, एक कळीचे, एक दट्ट्याचे, एक निब झाकून घेणारे ‘पार्कर ५१’, जे १९४१ मध्ये निघाले. आणि एक आपल्याच देशात लेथवर हाताने कातलेले एबोनाइटचे. ज्याला संग्रह करायचा असेल त्याने असा एखादा प्रश्न मनाशी धरावा. मग पैसा कमी लागतो आणि आनंद अधिक मिळतो.

चार गोष्टी अनुभवाच्या सांगतो. पेन धुवायचे ते साध्या पाण्याने. गरम पाणी नको, स्पिरिट नको. चित्रकलेची काळी शाई भरू नये. तिच्यातली लाख खाचांत बसली की पेन मुके होते. ड्रॉपरचे पेन शाई तळाला जाण्याआधीच भरावे. नाहीतर हाताच्या उबेने आतली हवा फुगते आणि कागदावर थेंब पडतो. आणि चौथी सर्वांत महत्त्वाची: पेन पडून राहू देऊ नये. सोन्याचे नाणे पेटीत शंभर वर्षे सुखाने राहते. पेनात शाई वाळली की त्याचा श्वास कोंडतो. म्हणून माझी नऊही पेने पाळीपाळीने लिहितात. वाण्याचा हिशेब एकाने, भाचीला पत्र दुसऱ्याने. हा लेख काळ्या पेनाने लिहिला.

लक्ष्मीपूजनाला आपण वहीबरोबर दौत आणि लेखणीही पुजतो. दौतीत महाकाली, वहीत सरस्वती, अशी जुनी भावना आहे. आपल्या घरातही कपाटाच्या तळाशी, चष्म्याच्या जुन्या घराशेजारी, आजोबांचे किंवा आजीचे एखादे पेन पडले असेल. यंदा ते शोधून काढा. पाण्यात ठेवा आणि पाणी निळे होताना घरातल्या मुलांना पाहू द्या. निवळल्यावर शाई भरा, हळदकुंकू वाहा. आणि भाऊबिजेच्या आत त्याच पेनाने कुणाला तरी चार ओळींचे पत्र लिहा.