रंग विटला म्हणून जन्मलेली परंपरा

८ मे २०२१ रोजी अ‍ॅडलेडमधल्या दोन स्थानिक क्लबांची लढत संपली आणि पोर्ट अ‍ॅडलेड जिंकलं. खेळाडू आत गेले, घामाने भिजलेल्या बंड्या उतरवल्या आणि दुसऱ्या चढवल्या. काळ्या अंगावर छातीखाली पांढऱ्या उभ्या पट्ट्या असलेल्या या बंडीला तिथे ‘तुरुंगाचे गज’ म्हणतात. मग ते गोल करून उभे राहिले आणि क्लबचं गाणं म्हणाले. हीच बंडी मैदानावर घातली तर जिंकलेल्या सामन्याचे गुण कापले जातील, अशी तंबी ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगने दिली होती. कारण असं की काळा-पांढरा हा मेलबर्नच्या कॉलिंगवुड क्लबचा जोड, आणि एका लीगमध्ये त्या जोडाचे दोन धनी नकोत. बाहेरच्याला हा पोरखेळ वाटेल. पण ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधल्या या बिनबाह्यांच्या बंडीचा दीडशे वर्षांचा हिशेब मांडला तर एक गोष्ट लख्ख दिसते. बंडीचा जवळपास प्रत्येक तपशील अडचणीपोटी आला आहे, आणि तिला पावित्र्य चढलं ते तिच्या वयामुळे किंवा नक्षीच्या अर्थामुळे नव्हे, तर कुणीतरी ती हिरावून घ्यायला आलं तेव्हा.

आधी अडचणी पाहू. १८५९मध्ये मेलबर्नमध्ये या खेळाचे नियम लिहिले ते प्रामुख्याने क्रिकेटवाल्यांनी. हिवाळ्यात अंग गंजू नये म्हणून काहीतरी खेळ हवा होता. मैदानंही क्रिकेटचीच वापरली जाऊ लागली, लंबवर्तुळाकार आणि अफाट. आपण बॉक्सिंग डे कसोटीसाठी पहाटे उठून ज्या एमसीजीकडे डोळे लावतो, तेच या खेळाचं आजचं मुख्य पीठ आहे. या खेळात ऑफसाइडचा नियम नाही. रग्बीत दोन फळ्या समोरासमोर राहतात. इथे एका बाजूचे अठरा आणि दुसऱ्या बाजूचे अठरा खेळाडू मैदानभर एकमेकांना खेटून, जोड्याजोड्यांनी विखुरलेले असतात. चेंडू मारणाऱ्याने मान वर केली की पन्नास-साठ पावलांवरचा खेळाडू आपला की परका, हे क्षणात कळायला हवं. सुरुवातीला लोक हाताला येतील ते कपडे घालून खेळत आणि ओळख पटवायला रंगीत टोप्या घालत. धक्काबुक्कीच्या खेळात टोपी कितीशी टिकणार? म्हणून ओळख डोक्यावरून छातीवर उतरली, आणि नक्षी ढोबळ राहिली. उभे पट्टे, आडवे पट्टे, इसेंडनसारखा जानव्यागत खांद्यावरून कमरेकडे जाणारा लाल पट्टा, छातीवरचा ‘व्ही’: लांबून ओळखू येईल एवढंच काम. कापडाचंही तेच. ‘गर्न्सी’ हे बंडीचं नावच मुळी इंग्लिश खाडीतल्या एका बेटावरचं, तिथल्या कोळ्यांच्या लोकरी विणीच्या सदऱ्याचं. एकोणिसाव्या शतकात त्याच्या जोडीला कॅनव्हासची, समोरून नाडीने आवळलेली अंगाला घट्ट बसणारी जाकिटं आली, कारण ताणलेल्या कॅनव्हासमध्ये पकडणाऱ्याची बोटं रुतत नाहीत. सौंदर्यदृष्टी वगैरे नंतरची गोष्ट.

रंगांचा इतिहास तर याहून रोखठोक आहे. पोर्ट अ‍ॅडलेड क्लब १८७०चा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो किरमिजी-निळ्या रंगात खेळत असे. पण हंगामभर टिकेल असा तो रंग मिळेना, धुऊन धुऊन बंड्या विटायच्या, म्हणून १९०२मध्ये क्लबने काळा-पांढरा घेतला. पुढे ज्या बंडीसाठी लोक भांडले ती रंगाऱ्याच्या नाइलाजातून जन्मली. सेंट किल्डा क्लबचे रंग लाल, पांढरा आणि काळा. पहिलं महायुद्ध पेटलं आणि लक्षात आलं की कैसरच्या जर्मनीच्या झेंड्यातही नेमके हेच तीन रंग आहेत. १९१५मध्ये क्लबने पांढरा काढून पिवळा घातला, म्हणजे जर्मनीने तुडवलेल्या बेल्जियमचे रंग. गंमत अशी की १९१९मध्ये जर्मनीनेच कैसरचा झेंडा उतरवून काळा, लाल, सोनेरी स्वीकारला, आणि सेंट किल्डाचे खेळाडू काही काळ नकळत नव्या जर्मनीच्या रंगात धावत राहिले. पाठीवरचे आकडे व्हिक्टोरियाच्या लीगमध्ये १९१२ला सर्रास आले. त्याच वर्षी ‘फुटबॉल रेकॉर्ड’ हे सामन्याचं पुस्तक विकायला निघालं, आणि आकड्यावरून नाव शोधायचं तर पुस्तक विकत घेणं आलंच. १ मार्च १९७५ला ऑस्ट्रेलियात रंगीत दूरचित्रवाणी सुरू झाली आणि मेलबर्न क्लबचा गडद निळा पडद्यावर काळपट दिसेल म्हणून उजळ केला गेला. पुढे बारा-एक वर्षांनी तो परत गडद झाला.

इथे एक आक्षेप येणार हे उघड आहे. सगळ्याच परंपरांची मुळं खणली तर खाली योगायोग नाहीतर सोय सापडते. मग या बंडीबद्दलची भक्ती म्हणजे निव्वळ भाबडेपणा, असं का म्हणू नये? मला हा निष्कर्ष घाईचा वाटतो. उगम क्षुल्लक असला म्हणून जिव्हाळा खोटा ठरत नाही. उलट, ज्यांचा उगम विचारपूर्वक आणि अर्थ भरून झाला त्या बंड्यांचं काय झालं ते पाहावं. १९९५मध्ये फ्रीमँटल क्लब लीगमध्ये आला. बंदराचं शहर, म्हणून बंडीवर मोठा पांढरा नांगर. जांभळ्याच्या जोडीला लाल आणि हिरवा, जहाजाच्या डाव्या-उजव्या कडेच्या दिव्यांचे. कागदावर याहून नेटकी कल्पना सुचणं कठीण. २०११च्या हंगामात लाल आणि हिरवा गेले, मोठा नांगर गेला, जांभळ्यावर पांढरे कोन आले. जुन्या बंडीची आठवण काढणारे काही आहेत, पण तिच्यासाठी कुणी शिक्षा ओढवून घेतली नाही. १९९७मध्ये कार्लटनने गडद निळा सोडून एका सामन्यापुरता फिकट निळा चढवला. निमित्त होतं निळ्या चॉकलेटगोळीच्या जाहिरातीचं. समर्थकांनी नाकं मुरडली आणि ती बंडी चेष्टेचा विषय होऊन बसली. म्हणजे अर्थ आधी ठरवून कापडावर छापता येतो, पण तो अंगाला चिकटेलच असं नाही.

तो चिकटतो कसा, याचा सर्वांत ठसठशीत पुरावा सप्टेंबर १९९६मधल्या एका सभेत मिळतो. कर्जाने गांजलेल्या हॉथॉर्न आणि मेलबर्न या क्लबांचं विलीनीकरण घाटत होतं. नवं नाव ‘मेलबर्न हॉक्स’. बंडी दोघांची असेल, असं सांगितलं जात होतं: मेलबर्नच्या निळ्या-लाल अंगावर हॉथॉर्नचा सोनेरी ससाणा. हॉथॉर्नच्या सभासदांसमोर माजी कर्णधार डॉन स्कॉट ती नमुन्याची बंडी घेऊन उभा राहिला. ससाणा व्हेल्क्रोने चिकटवला होता. त्याने तो टर्रकन ओढून काढला, आणि खाली उरली मेलबर्नची बंडी. ताळेबंदाचे आकडे जे समजावू शकले नसते ते त्या आवाजाने समजावलं. मेलबर्नच्या सभासदांनी होकार दिला, हॉथॉर्नच्या सभासदांनी नकार, आणि विलीनीकरण बारगळलं. त्याच वर्षी फिट्झरॉय मात्र वाचला नाही. तो ब्रिस्बेनमध्ये विलीन झाला आणि त्याचा सिंह नव्या क्लबच्या बंडीवर गेला. २०१०मध्ये ब्रिस्बेनने तो उभा सिंह काढून आधुनिक वळणाचं सिंहाचं तोंड आणलं, तेव्हा फिट्झरॉयची उरलीसुरली माणसं कोर्टात गेली. तडजोड झाली, पुढे काही वर्षांत जुना सिंह परतलाही. क्लब गेला, मैदान गेलं, पण बंडीवरचा सिंह ही त्यांची शेवटची सातबाऱ्यावरची नोंद होती. पाठीवरच्या आकड्याचंही असंच. पुस्तक विकायला मदत करणारे ते आकडे. पण मेलबर्नचा ३१ क्रमांक घालणारे रॉन बरासी १९४१मध्ये तोब्रुकला मारले गेले, मुलाने मोठेपणी तोच क्रमांक घेतला, आणि ३१ हा नुसता आकडा राहिला नाही.

यावर एक अधिक सबळ प्रतिवाद होऊ शकतो. दरवर्षी आदिवासी खेळाडू सर डग निकल्स यांच्या नावाच्या फेरीत सर्व क्लब आदिवासी चित्रकारांनी रेखलेल्या बंड्या घालतात. त्या तर पूर्ण योजलेल्या, अर्थाने ओथंबलेल्या आणि अगदी अलीकडच्या. तरी त्या काही वर्षांतच लोकांनी मनापासून स्वीकारल्या. मग हेतुपुरस्सर अर्थ रुजत नाही, हे कसं? मला वाटतं, इथे रुजलेला अर्थ चित्रातला नाही, चित्रामागच्या हिशेबातला आहे. निकल्स तरुणपणी कार्लटनकडे गेले तेव्हा त्यांना वर्णद्वेषाने परतवण्यात आलं. नंतर ते फिट्झरॉयकडून खेळले, आणि १९७६मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियाचे राज्यपाल झाले. १७ एप्रिल १९९३ला कॉलिंगवुडच्या मैदानावर प्रेक्षकांच्या शिव्या झेलत सेंट किल्डाचा आदिवासी खेळाडू निकी विनमार जिंकला, आणि त्यांच्याकडे तोंड करून त्याने बंडी वर उचलली व उघड्या पोटाच्या काळ्या कातडीवर बोट ठेवलं. त्या क्षणी बंडी बाजूला सारावी लागली, कारण तिच्यावर त्याच्यासाठी काहीच नव्हतं. पुढे आलेली चित्रं त्या रिकाम्या जागेवर आली.

राहता राहिला कॉलिंगवुड आणि पोर्टचा वाद. कोण खरं? कॉलिंगवुड स्थापन झालं १८९२मध्ये, म्हणजे पोर्ट बावीस वर्षांनी थोरलं; पण काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांत कॉलिंगवुड पोर्टच्या दहा वर्षं आधी आलं. पोर्ट तेव्हा दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या लीगमध्ये होतं, त्यामुळे शंभरेक वर्षं एका लीगमध्ये दोघांची गाठ पडायचं कारण नव्हतं. १९९७ला मोठ्या लीगमध्ये शिरताना पोर्टने अट मान्य करून हिरवट निळा आणि चंदेरी रंग जोडीला घेतला. कायद्याने पाहिलं तर कॉलिंगवुडची बाजू वरचढ आहे, आणि दिलेला शब्द पाळावा ही अपेक्षाही रास्त. पण याच मनाईने पोर्टच्या समर्थकांच्या मनात जुनी बंडी मोठी केली. १९९६पर्यंत ती नेहमीचा गणवेश होती. नाकारली गेली आणि झेंडा झाली. २०२०मध्ये क्लबच्या १५०व्या वर्षानिमित्त एका सामन्यापुरती परवानगी मिळाली, पुढच्या वर्षी नकार, आणि त्या नकारानेच कपडे बदलण्याच्या खोलीत ते दृश्य घडवलं.

उलट उदाहरण कमरेखाली सापडतं. यजमानांनी गडद चड्डी घालायची आणि पाहुण्यांनी पांढरी, हा रिवाज या खेळात कित्येक पिढ्या चालत आला. काळ्या-पांढऱ्या पडद्यावर संघ ओळखायला त्याचा फार उपयोग होता. महिलांच्या लीगमधल्या खेळाडूंनी अलीकडे सांगितलं की पाळीच्या दिवसांत पांढऱ्या चड्डीत खेळताना जीव टांगणीला लागतो. त्या लीगमधून पांढऱ्या चड्ड्या गेल्या आणि क्लबांनी आपापल्या रंगांच्या शिवून घेतल्या. कुणी सभा घेतली नाही की कोर्टात गेलं नाही.