नांगराच्या घरातले मासिक

कारंजा लाडच्या बाजारात कापूस घेऊन आलेल्या शेतकऱ्याला आपले म्हणणे चिठ्ठीने कळवावे लागत नाही. भाव पटला नाही तर तो तोंडावर सांगतो, मापात खोट वाटली तर तिथेच भांडतो. वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात असताना, 1886 मध्ये, हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशाने इथला कापूसबाजार नियमांखाली आला. देशातला पहिला नियंत्रित बाजार म्हणून कारंज्याचे नाव सांगितले जाते ते त्यामुळेच. घेणारा आणि विकणारा समोरासमोर असले की कोणाचे काय चुकते ते त्याच दिवशी कळते. कारखानदाराचे तसे नसते. त्याचा माल दूरदूरच्या गावी जातो आणि गिऱ्हाइकाचा आवाज त्याच्यापर्यंत पोचत नाही. ही अडचण दूर करायला गिऱ्हाइकासाठी मासिक काढण्याची युक्ती निघाली.

अमेरिकेत नांगर बनवणाऱ्या जॉन डिअर कंपनीने 1895 मध्ये ‘द फरो’ हे नियतकालिक सुरू केले. शेतकऱ्याला उपयोगी पडेल अशी माहिती त्यात असे, म्हणून ते टिकले आणि आजही निघते. योगायोग असा की मराठीतले असे एक मासिकही नांगरवाल्यांच्याच घरात निघाले.

बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कडबा कापायची यंत्रे आणि लोखंडी नांगर बनवायला घेतले. लोखंडाने जमिनीत विष उतरते, अशी तेव्हा शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. नांगर उत्तम आहे असे कितीही छापले तरी ही शंका जाणार नव्हती. आधी ती ऐकून घ्यायला हवी होती, मग तिला उत्तर द्यायला हवे होते. 1910 मध्ये औंध संस्थानच्या आश्रयाने किर्लोस्करवाडी वसली. तिथूनच 1920 मध्ये लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढले. शंकरराव मूळचे चित्रकार. कारखान्याची आणि मालाची खबर गिऱ्हाइकांपर्यंत पोचवणे, हा मासिकाचा उघड हेतू होता.

त्या काळी संपादकाला वाचकाचे मन दोनच वाटांनी कळे: टपालाने आलेली पत्रे आणि वर्षाची वर्गणी. नव्या वर्षाचा अंक व्ही. पी.ने, म्हणजे पैसे भरून सोडवून घ्यायच्या टपालाने, गेला आणि तसाच परत आला, की निकाल लागला. ‘खबर’चे पुढचे अंक पाहिले की मजकुराचा ओढा कोणाकडे होता ते दिसते. कारखान्याच्या बातम्या मागे सरत गेल्या. गोष्टी, उद्योगाची माहिती, समाजसुधारणेचे लेख पुढे आले. 1929 मध्ये मासिकाचे नाव नुसते ‘किर्लोस्कर’ झाले. 1930 मध्ये स्त्रियांसाठी ‘स्त्री’ आणि 1934 मध्ये तरुणांसाठी ‘मनोहर’ निघाले. एकाच घरातून तीन वेगळ्या वाचकांसाठी तीन मासिके निघाली. वाचक कोण आहे हे ओळखल्याशिवाय असे होत नाही.

तरीही शंकररावांनी वाचकाची हांजी हांजी केली नाही. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध त्यांनी 1930 च्या दशकात छापले, तेव्हा ते अनेकांना झोंबणार हे उघड होते. वाचकाला काय अडते ते ऐकायचे, पण त्याला गोड लागेल तेवढेच वाढायचे नाही, हा तोल त्यांनी सांभाळला. ‘किर्लोस्कर’ हे नाव नांगर न घेणाऱ्या घरांतही पोचले ते यामुळे. जाहिरात म्हणून यापेक्षा मोठे यश कोणते?

आज बियाण्यांच्या आणि औषधांच्या कंपन्या हंगामाच्या तोंडावर शेतकऱ्याच्या मोबाइलवर व्हिडिओंचा मारा करतात. किती जणांनी पाहिले, किती अंगठे मिळाले, याचा हिशेब ठेवला जातो. पण बोंडअळीबद्दल किंवा सोयाबीनच्या उगवणीबद्दल शेतकऱ्याने उलट विचारले, तर त्या प्रश्नाचा धनी कोण? आकड्यावरून नुसते आवडले की नाही एवढेच समजते. काय अडले हे प्रश्नावरूनच समजते.

कारंज्यातल्या कृषी केंद्रवाल्यांनी एवढे करून पाहावे: गल्ल्याजवळ एक वही ठेवावी, गिऱ्हाइकाने विचारलेला प्रत्येक प्रश्न त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावा आणि पुढच्या पत्रकात किंवा व्हिडिओत आधी त्याचे उत्तर द्यावे. मालाचे नाव शेवटी आले तरी चालेल.