ज्वर, तालीम आणि जोडीचा मल्ल

आजारी माणसाने मल्लविद्येचा सराव चालू ठेवावा की थांबवावा, या प्रश्नाला भारतीय परंपरेने एकच एक उत्तर कधी दिले नाही, आणि जी उत्तरे दिली गेली ती एकमेकांशी फारशी बोललीही नाहीत. वैद्यकाच्या संहितांनी हा प्रश्न रोगाच्या अंगाने सोडवला, तालमीने तो माणसाच्या अंगाने सोडवला. ज्याच्या अंगाला अंग भिडवून हा सराव करायचा त्या जोडीदाराच्या आरोग्याचा विचार मात्र दोन्हीकडे फार उशिरा शिरला. महाराष्ट्रातील तालमींचा इतिहास या दृष्टीने पाहिला, तर पैलवानांच्या पराक्रमकथांत सहसा न आढळणारी एक बाजू समोर येते.

व्यायामाची शास्त्रीय चर्चा चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात आहे. शरीराला स्थैर्य आणि बळ देणारी, हेतुपूर्वक केलेली हालचाल म्हणजे व्यायाम, अशी व्याख्या करून चरक लगेच मात्रेचा, म्हणजे प्रमाणाचा, मुद्दा मांडतो. योग्य मात्रेत केलेल्या व्यायामाने अंगाला हलकेपणा येतो, कष्ट सोसण्याची ताकद वाढते आणि जठराग्नी प्रदीप्त होतो. मात्रा ओलांडली तर थकवा, धातूंचा क्षय, तहान, रक्तपित्त (शरीराच्या द्वारांतून रक्त जाण्याचा विकार), खोकला, दमा, ओकारी आणि ज्वर उद्भवतात. येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की ज्वर हा केवळ व्यायाम थांबवण्याचे कारण नसून अतिव्यायामाचे फळही मानला गेला आहे. निरोगी आणि आजारी यांच्यामधली सीमारेषा त्यामुळे या ग्रंथात मुळातच अस्पष्ट राहते, कारण बेताबाहेर कष्ट करणारा धडधाकट माणूस चरकाच्या दृष्टीने रोगाच्या वाटेवरच असतो. ओझी वाहून, लांबचा प्रवास करून किंवा मैथुनातिरेकाने कृश झालेले, क्रोध, शोक वा भय यांनी ग्रासलेले, भुकेले आणि तहानलेले, तसेच बालक व वृद्ध अशांना तो व्यायामापासून दूर ठेवतो. या यादीत मनाच्या अवस्थांना शरीराच्या अवस्थांइतकेच स्थान मिळाले आहे, ही गोष्ट आजच्या क्रीडावैद्यकालाही पटण्यासारखी आहे.

सुश्रुताने मात्रेचा प्रश्न अधिक नेमकेपणाने हाताळला. चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायात तो व्यायाम बलार्धापर्यंत, म्हणजे अंगातील निम्मी शक्ती खर्ची पडेपर्यंतच करावा असे सांगतो आणि त्याची खूणही देतो : हृदयस्थ वायू मुखाशी येऊ लागला, म्हणजे माणूस तोंडाने श्वास घेऊ लागला, की थांबावे. रक्तपित्ताचा रोगी, कृश, शोषी (झिजत जाणाऱ्या विकाराने पछाडलेला), दमेकरी, खोकल्याने बेजार झालेला, उरःक्षती (छातीत इजा झालेला) आणि भोवळ येणारा यांना त्याने व्यायाम वर्ज्य केला. वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या दिनचर्याध्यायात याच विचाराला ऋतूची जोड दिली. बलवान आणि स्निग्ध आहार घेणाऱ्या माणसानेही अर्धशक्तीचा व्यायाम थंडीत आणि वसंतात करावा, एरवी त्याहून कमी करावा, आणि वातपित्ताच्या रोग्याने व अजीर्ण झालेल्याने तो करूच नये, असे त्याचे मत. महाराष्ट्रातील गावजत्रांच्या कुस्त्यांचा मुख्य हंगाम चैत्राच्या सुमारास येतो, हे या ऋतुविचाराशी जुळते खरे. पण त्यामागे वाग्भटापेक्षा रब्बीची सुगी अधिक आहे, हे विसरता कामा नये.

याच सुश्रुतसंहितेत एक उलट टोकाचे विधान आहे. प्रमेह, म्हणजे लघवीशी निगडित विकारांचा गट, ज्यात आजच्या मधुमेहाशी मिळत्याजुळत्या अवस्था येतात, तो बळावलेल्या रोग्याला व्यायाम, नियुद्ध (निःशस्त्र झुंज, म्हणजेच कुस्ती), हत्ती-घोड्यावरील स्वारी, पायी फिरणे आणि शस्त्रास्त्रांचा सराव हे उपचार म्हणून सांगितले आहेत. ज्याच्यापाशी धन नाही आणि आप्तही नाहीत अशा रोग्याने पायताण व छत्रीवाचून, भिक्षेवर राहून, एका गावात एकच रात्र मुक्काम करत शंभर योजने किंवा त्याहून अधिक चालत जावे, अशीही सूचना तेथे आहे. श्रीमंताला घोडा आणि गरिबाला रस्ता, इतका स्पष्ट सामाजिक भेद औषधयोजनेत क्वचितच दिसतो. खोकल्याच्या रोग्याने कुस्तीपासून दूर राहावे आणि प्रमेहाच्या रोग्याने ती मुद्दाम खेळावी, या दोन आज्ञा एकत्र वाचल्या की आजारपणात तालीम करावी का, हा प्रश्न अशा सरसकट रूपात सुश्रुताला मान्यच झाला नसता हे कळते. रोग कोणता, हे त्याने आधी विचारले असते.

तापाच्या बाबतीत मात्र कोणतीच सवलत नव्हती. चरकाच्या ज्वरचिकित्सेत नवज्वरात, म्हणजे तापाच्या सुरुवातीच्या काळात, टाळायच्या गोष्टींत दिवसाची झोप, स्नान, अंगमर्दन आणि जड अन्न यांच्याबरोबर व्यायामही येतो. त्याहून महत्त्वाची आहे ती ताप उतरल्यानंतरची आज्ञा : पूर्वीचे बळ परत येईपर्यंत ज्वरमुक्त माणसाने व्यायाम, मैथुन, स्नान आणि फार चालणे टाळावे, नाहीतर ज्वर उलटतो. विषाणुजन्य तापात किंवा तो नुकताच उतरल्यावर जोरकस श्रम केल्यास हृदयाच्या स्नायूला आलेली सूज जिवावर बेतू शकते, असे आधुनिक वैद्यक सांगते. त्यामागची कारणमीमांसा पूर्णपणे वेगळी आहे आणि दोहोंची सांगड घालून संहितांना विषाणूंचे ज्ञान होते असे म्हणणे हा निव्वळ अतिउत्साह ठरेल. तरीही ताप गेला म्हणजे माणूस बरा झाला असे नव्हे, हे निरीक्षण दोन्हीकडे सारखेच आहे.

या ग्रंथांचा वाचक कोण होता, हा प्रश्न येथे विचारणे भाग आहे. निम्म्या शक्तीवर थांबायला सांगणारे शास्त्र राजा, सरदार किंवा सुस्थित नागरिक यांच्या दिनचर्येसाठी लिहिलेले होते. मल्लाचा व्यवसाय मुळातच पूर्ण शक्ती पणाला लावण्याचा. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या मानसोल्लास या ग्रंथात मल्लविनोदाचे प्रकरण आहे. त्यात भारश्रम (वजन उचलणे), भ्रमणश्रम (फिरणे), सलिलश्रम (पोहणे), बाहुपेल्लणक (हातांची झटापट) आणि स्तंभश्रम (खांबावरील कसरत, जिच्यात मल्लखांबाचे पूर्वरूप पाहिले जाते) असे सरावाचे प्रकार सांगितले आहेत. राजाच्या करमणुकीसाठी पोसलेला हा मल्ल वैद्याच्या दिनचर्येत बसत नाही. त्याला राजाच्या कोठारातून अन्न मिळते, आणि ज्याच्या शरीरावर दुसऱ्याचा पैसा खर्च होतो त्याचे आजारपण हा त्याचा खाजगी मामला राहत नाही.

हीच व्यवस्था पुढे मराठी संस्थानांत, विशेषतः 1894 ते 1922 या काळात राज्य केलेल्या शाहू छत्रपतींच्या कोल्हापुरात, भरभराटीला आली. 1912 साली खासबाग मैदान उभे राहिले, आणि दरबारच्या आश्रयामुळे दूध, तूप, बदाम आणि मांस यांचा खुराक पैलवानांना नियमाने मिळू लागला. खुराक आणि मेहनत यांचे नाते तालमीच्या अर्थशास्त्राचा कणा आहे. मेहनत थांबली आणि खुराक चालू राहिला तर अंग सुटते; दोन्ही थांबले तर कमावलेले शरीर डोळ्यांदेखत उतरते; म्हणून आजारपणातील विश्रांती पैलवानाला दोन्ही बाजूंनी महाग पडते. सरावात खंड पडू न देण्याचा जो दंडक तालमीत दिसतो त्याचे मूळ हनुमंताच्या उपासनेत आणि ब्रह्मचर्याच्या आदर्शात शोधले जाते, आणि ते चूक नाही. पण त्याला हा रोकडा आधारही आहे, हे भक्तीच्या भाषेमुळे झाकले जाते.

या दंडकाची धार वस्ताद, म्हणजे तालमीचा गुरू, आपल्या अखत्यारीत बोथट करत असे. तालमीतील काम केवळ लढतीचे नसते. जोर, बैठका आणि सपाट्या यांखेरीज हौदा खणून माती मोकळी करणे, दुसऱ्याचे अंग रगडणे, काठावर बसून इतरांचे डाव पाहणे हेही शिक्षणच मानले जाते. त्यामुळे अंगात कसर असलेल्या पठ्ठ्याला घरी न पाठवता हलक्या कामाला लावण्याची सोय व्यवस्थेतच होती. चरकाने व्यायामाच्या चर्चेपाठोपाठ सवयी एकदम न बदलता अंशाअंशाने बदलण्याचा क्रम सांगितला आहे, आणि वस्तादाची ही रीत त्या क्रमाच्या जवळ जाते. मात्र निर्णयाचा आधार नाडी नसून नजर होती.

हौद्याच्या मातीने या निर्णयात आणखी एक गुंता केला. तेल, ताक, हळद, लिंबू आणि कापूर घालून तयार केलेली लाल माती पैलवानांच्या समजुतीत स्वतःच औषध आहे : ती अंगाचा घाम शोषते, कातडी स्वच्छ ठेवते आणि उष्णता खेचून घेते. ज्या जागेला उपचाराचे स्थान मानले जाते तेथे आजारी माणसाने जाऊ नये, हे पटवणे अवघड असते. दुखापतीच्या बाबतीत तर तालीम खरोखरच उपचाराचे ठिकाण होती. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाम मंदिराचे प्रा. माणिकराव हे व्यायामशिक्षक म्हणून जितके प्रसिद्ध होते तितकेच हाडवैद्य म्हणून. केरळातील कळरीपयट्टू या युद्धकलेत हे नाते अधिक घट्ट आहे. तेथे गुरुक्कल, म्हणजे कळरीचा गुरू, मर्मचिकित्सकही असतो, आणि पावसाळ्यात शिष्यांचे अंग तेल लावून पायांनी रगडण्याची पद्धत प्रशिक्षणाचाच भाग आहे. महाराष्ट्रात सांधा निखळला की वस्ताद आणि ताप चढला की वैद्य, अशी विभागणी राहिली, आणि वैद्याचा शब्द हौद्याच्या काठापर्यंत पोहोचेलच याची शाश्वती नव्हती.

संसर्गाचे ज्ञान मात्र संहितांना नवे नव्हते. सुश्रुताच्या निदानस्थानात, कुष्ठाच्या अध्यायाच्या शेवटी, अंगाला अंग लागणे, एकमेकांचा श्वास, एकत्र जेवण, एकाच अंथरुणाचा वा आसनाचा वापर, आणि दुसऱ्याची वस्त्रे, माळा व उटी यांमुळे कुष्ठ, ज्वर, शोष आणि डोळे येणे हे विकार एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातात असे स्पष्ट म्हटले आहे. हे वर्णन कुस्तीला जितके लागू पडते तितके क्वचितच दुसऱ्या कशाला लागू पडेल. तरीही ज्या अध्यायात व्यायाम कोणी वर्ज्य करावा हे सांगितले आहे तेथे या विचाराचा मागमूस नाही. तेथील प्रत्येक निषेध रोग्याच्या स्वतःच्या हितासाठी आहे, त्याच्याशी झुंजणाऱ्याच्या हितासाठी नाही. एकाच ग्रंथातील दोन जागा अशा शेजारी असूनही परक्या राहिल्या.

त्या जोडल्या गेल्या त्या जंतुशास्त्राच्या आणि साथींच्या काळात, आणि तेही वेड्यावाकड्या क्रमाने. 1896 साली मुंबईत प्लेग आला, 1897 च्या साथरोग कायद्याने सरकारला प्रवाशांची तपासणी आणि रुग्णांचे विलगीकरण करण्याचे अधिकार दिले, आणि माणसामाणसांतील स्पर्श हा प्रशासनाचा विषय बनला. गाठीचा प्लेग मुख्यतः उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो, कुस्तीच्या पकडीमुळे नव्हे; हौद्यातील खरा संसर्ग नायटा, गजकर्ण, खरूज आणि गळवे यांचा, ज्यांची भीती कोणी सरकारी पातळीवर बाळगली नाही. 2020 साली कोविडच्या साथीत तोच 1897 चा कायदा पुन्हा लागू झाला, तालमी बंद पडल्या, जत्रांची मैदाने रद्द झाली, आणि जानेवारी 2020 मध्ये पुण्यात झालेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेनंतर पुढची स्पर्धा साताऱ्यात भरायला एप्रिल 2022 उजाडला. वस्तादाच्या नजरेला या बंदीत जागा नव्हती.

गादीवरील कुस्तीत जोडीदाराचा विचार आता नियमातच आहे. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत वजनाच्या वेळी वैद्यकीय तपासणी होते, सांसर्गिक विकार आढळलेल्या मल्लाला डॉक्टर स्पर्धेतून वगळू शकतो, आणि नखे कापलेली आहेत की नाहीत हेही पाहिले जाते. मातीवरच्या गावजत्रेत मात्र जोड लावण्याचे काम अजून बहुधा पंचच करतात. ते पाहतात ती उंची, वजन, वय आणि कोण कुठल्या तालमीचा हे. अंगावरचा नायटा त्यांच्या नजरेत आला तरी त्यासाठी जोड मोडावी असा संकेत तेथे रुजलेला नाही.