गावच्या कलेला सरकारचा पैसा: कुठून येतो, कुणाला मिळतो, कुठं अडतो

तमाशाचा फड असो, गोंधळी असोत की भारूड म्हणणारे; गावाकडची कला जगते ती मुख्यतः जत्रेच्या सुपारीवर. पाडव्याच्या सुमारास जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावात फडमालकांच्या राहुट्या लागतात. गावोगावच्या यात्रा कमिट्या तिथं येतात, तारीख धरतात, रक्कम ठरवतात, विसार देतात. या सगळ्या व्यवहारात सरकार कुठंच नसतं. तरी सरकारी निर्णयांचा परिणाम कलावंताच्या पोटापाण्यावर होतोच, आणि तो फक्त अनुदानातूनच होतो असं नाही.

आज अनुदान देणाऱ्या सरकारनं एकेकाळी तमाशा बंदच केला होता. १९४८ साली बाळासाहेब खेर यांच्या मुंबई सरकारनं अश्लीलतेचं कारण देऊन तमाशावर बंदी आणली. पुढं ती उठली, पण वग आधी तपासून घ्यायची अट मागं लागली. १९५४ पासून रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ हे काम करतं. नाटक असो वा वग, तिकीट लावून जाहीर प्रयोग करायचा तर संहितेला आधी मंडळाचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. बतावणीत आयत्या वेळी सुचलेला विनोद हा तमाशाचा जीव, आणि तो कागदावर आधी लिहून द्यायचा कसा, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

दुसरा नियम सांस्कृतिक खात्याचा नाहीच. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० नंतर उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस ही वेळ १२ पर्यंत वाढवता येते, आणि ते दिवस बहुतेक मोठ्या सणांना जातात. गावची जत्रा त्यात बसेलच असं नाही. पूर्वी गण, गौळण, बतावणी होऊन वग उजाडेपर्यंत चालायचा. आता जेवणं उरकून माणसं तंबूत येईपर्यंत घड्याळात ९ वाजलेले असतात. अनुदान कितीही वाढवलं तरी ही अडचण त्यानं सुटत नाही.

राज्याचं पहिलं सांस्कृतिक धोरण २०१० साली आलं, डॉ. आ. ह. साळुंखे यांच्या समितीनं त्याचा मसुदा केला होता. नवं धोरण २०२४ मध्ये मंजूर झालं. पण धोरण म्हणजे योजना नव्हे. धोरणात दिशा लिहिलेली असते. पैसा हातात पडतो तो शासन निर्णय निघाला आणि बजेटमध्ये तरतूद झाली तरच. तमाशा, दशावतार, खडीगंमत, शाहिरी, लावणी यांच्या संस्थांसाठी सांस्कृतिक कार्य संचालनालयाची अनुदान योजना आहे. तमाशात पूर्णवेळ फड आणि हंगामी फड असे वेगळे गट धरले जातात. अनुदान मिळतं ते संस्थेला. त्या फडात ढोलकी वाजवणाऱ्याच्या किंवा सोंगाड्याच्या वाट्याला किती यायचं, ते मालक आणि त्याच्यात ठरतं.

सरकारी कामाची आणखी एक वाट म्हणजे प्रचार. जिल्हा माहिती कार्यालयामार्फत कलापथकांना योजनांच्या जनजागृतीचे कार्यक्रम मिळतात. पैसे मिळतात, गावोगाव फिरणं होतं. पण विषय सरकारचा, शब्दही बरेचसे सरकारचे. पोवाड्याच्या चालीवर शौचालय आणि पीक विमा गाऊन घर चालतं, मात्र त्यातून नवा पोवाडा लिहिला जात नाही.

म्हाताऱ्या कलावंतांचं मानधन

गावातल्या सर्वांत जास्त लोकांचा संबंध येतो तो या योजनेशी. वृद्ध साहित्यिक आणि कलावंतांना मानधन द्यायची सुरुवात १९५४-५५ मध्ये झाली. आता तिचं नाव राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलाकार मानधन सन्मान योजना असं आहे. पूर्वी राष्ट्रीय पातळीच्या कलावंताला ३,१५०, राज्य पातळीच्या कलावंताला २,७०० आणि स्थानिक कलावंताला २,२५० रुपये महिना मिळायचे. खेड्यातला माणूस अर्थातच शेवटच्या वर्गात. २०२४ मध्ये ही वर्गवारी गेली आणि सर्वांना सरसकट ५,००० रुपये झाले. हा बदल मोठा आणि योग्य आहे.

वयाची अट ५० वर्षांची, दिव्यांगांना ४०. वार्षिक उत्पन्न ६० हजारांच्या आत हवं. (मानधनाची वर्षाची बेरीजही नेमकी ६० हजारच होते!) अर्ज पूर्वी पंचायत समितीत द्यायचा असे, आता तो ऑनलाइन भरायचा असतो. एका जिल्ह्यातून वर्षाला १०० जणांची निवड होते. जिल्ह्यात तालुके किती, प्रत्येक तालुक्यात गावं किती, हे पाहिलं की रांग का हलत नाही ते कळतं.

खरी अडचण पुराव्याची. कलेची अनेक वर्षांची सेवा कागदावर दाखवावी लागते. आकाशवाणीवर गायलेल्याकडं करारपत्र असतं, स्पर्धेत उतरलेल्याकडं प्रमाणपत्र असतं. आयुष्यभर जागरणात संबळ वाजवलेल्या माणसाकडं काय असणार? त्याला बिदागी मिळाली, पावती कुणी दिली नाही. दुसरीकडं, कलेशी फारसा संबंध नसलेल्या माणसानं जमवलेल्या दाखल्यांची फाइल जाडजूड असू शकते. कागद बघून निवड करणाऱ्या समितीला दोघांतला फरक कळणं अवघड जातं.

कोरोनात हेच उघडं पडलं. जत्रा बंद पडल्या, फड घरी बसले. २०२१ मध्ये राज्यानं ५६ हजार एकल कलावंतांना प्रत्येकी ५,००० रुपये द्यायचं ठरवलं, आणि कलावंत शोधण्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यातून अर्ज मागवावे लागले.

त्यामुळं ज्यांचं वय आज चाळिशीत आहे, त्यांनी कागद आत्तापासूनच जमवावेत. जत्रेची छापील पत्रिका, नावासकट आलेली बातमी, कार्यक्रमाचा तारखेसह फोटो, मंडळाचं किंवा ग्रामपंचायतीचं पत्र, असं प्रत्येक वर्षाचं एखादं जपून ठेवावं. व्हॉट्सअॅपवरचे फोटो मोबाइल बदलला की जातात, म्हणून प्रिंट काढून ठेवलेली बरी. अर्जासोबत आधार, वयाचा पुरावा, रहिवासी दाखला, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आणि बँक पासबुक लागतं. मानधन घेणारा कलावंत वारला तर पती किंवा पत्नीला ते पुढं मिळू शकतं, पण आपोआप नाही. त्यासाठी मृत्यूचा दाखला जोडून नव्यानं अर्ज करावा लागतो, आणि बऱ्याच घरांत हे माहीतच नसतं.