तळघरातला कोळसा

पिट्सबर्गमधल्या ज्या घराच्या वरच्या मजल्यावर मी भाड्याने राहते, ते शंभर वर्षांहून जुनं आहे. खाली घरमालकीणबाई राहतात. वय ब्याऐंशी, कान तिखट, गुडघे कामातून गेलेले. मार्च महिन्यात एकदा त्या मला म्हणाल्या, "तू इंजिनिअर आहेस ना? मग तळघरात येऊन जरा बघ." मी सॉफ्टवेअरची इंजिनिअर आहे, वायरींची नाही, हे स्पष्टीकरण मी पुण्यात अनेक नातेवाइकांना त्यांचे मिक्सर आणि प्रिंटर उघडताना दिलेलं आहे. त्याचा तेव्हाही उपयोग झाला नव्हता. मी खाली गेले.

तळघरात एका कोपऱ्यात गॅसची भट्टी आणि कपडे धुण्याचं यंत्र. दुसऱ्या कोपऱ्यात आडोसा वगैरे काही नसलेला एकटा संडास. या शहरातल्या जुन्या घरांत तो असतोच, त्याला 'पिट्सबर्ग टॉयलेट' म्हणतात. आणि उरलेल्या सगळ्या जागेत, छातीच्या उंचीवर, भिंतीला लागून फिरणारी एक रेल्वे. डोंगर, बोगदे, पोलादाचा कारखाना, नदीवरचा पूल, यार्डात उभ्या असलेल्या दोनेकशे वाघिणी. सगळ्यावर धूळ.

ती बाईंच्या यजमानांनी बांधली होती. ते पोलाद कारखान्यात फिटर होते. दोन वर्षांपूर्वी वारले. आता घर विकायचं होतं. एक व्यापारी इंजिनं आणि डबे घ्यायला तयार होता. बाकी लाकूड, प्लास्टर, रूळ, वायरी थेट कचऱ्यात जाणार, कारण सगळा सांगाडा भिंतीच्या खांबांना स्क्रूने जखडलेला. दारातून अख्खा निघणं शक्य नाही. बाईंची तक्रार त्याबद्दल नव्हती. "फक्त एकदा चालताना बघायची आहे. बटण दाबलं की नुसतं कर्रर्र होतं आणि बंद पडतं."

माझा या प्रकाराशी आधीचा संबंध एवढाच, की शाळेच्या सहलीत कोथरूडचं जोशींचं लघु रेल्वे संग्रहालय पाहिलं होतं. १९९८ साली सुरू झालेलं ते संग्रहालय म्हणजे माझ्या लेखी खूप मोठं खेळणं होतं. या तळघरात पहिल्या दिवशी मला जाणवलं की हे खेळणं नाही. मग दिवसा दुरुस्ती आणि रात्री वाचन असे तीन शनिवार-रविवार गेले. त्या वाचनातून जे हाती लागलं, ते सांगण्यासाठी हा लेख.

पहिला प्रश्न साधा होता. तळघरातच का? थंड प्रदेशात घराचा पाया गोठणाऱ्या मातीच्या थराखाली न्यावा लागतो, नाहीतर हिवाळ्यात जमीन फुगून घर उचललं जातं. एवढं खणायचंच असेल तर आणखी थोडं खणून खोली का करू नये, असा तो हिशेब. पण ती खोली रिकामी नसे. तिथे कोळशाची भट्टी असे आणि शेजारी कोळशाची कोठी. रस्त्याच्या बाजूच्या छोट्या लोखंडी झडपेतून गाडीवाला कोळसा ओतून जाई. आमच्या घराची झडप अजून आहे, आतून विटांनी बुजवलेली.

पिट्सबर्गचा धूर त्या काळी असा होता, की दुपारी रस्त्यावरचे दिवे लावावे लागत. १९४१ साली शहराने धूरनियंत्रणाचा कायदा केला. महायुद्धामुळे अंमलबजावणी रेंगाळली आणि घरांना तो १९४७ साली लागू झाला. त्यानंतर थोड्याच वर्षांत बहुतेक घरांनी नैसर्गिक वायू घेतला. कोळशाच्या कोठ्या रिकाम्या झाल्या, तळघरं कोरडी आणि स्वच्छ झाली.

छंद त्याआधीचाच होता. जोशुआ लायोनेल कॉवेन यांनी १९०० साली न्यूयॉर्कमध्ये सुरू केलेल्या 'लायोनेल' कंपनीच्या गाड्या नाताळच्या झाडाखाली फिरत होत्या. पण मोजमाप धरून, खऱ्या रेल्वेची प्रतिकृती करणाऱ्या प्रौढांचा पंथ वेगळा. 'मॉडेल रेलरोडर' हे त्यांचं मासिक १९३४ साली मिलवॉकीत निघालं, राष्ट्रीय संघटना १९३५ची. पुढे 'एचओ' हे माप रूढ झालं : एकास सत्त्याऐंशी, दोन रुळांतलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. चाळीस फुटी वाघीण या मापात जेमतेम साडेपाच इंचांची होते. म्हणजे एका तळघरात अख्खा घाट मावतो.

आणि नेमक्या याच वर्षांत वर, खऱ्या जगात, वाफेची इंजिनं भंगारात चालली होती. पेनसिल्व्हेनिया रेलरोड स्वतःला जगातली आदर्श रेल्वे म्हणवत असे. तिने १९५७ साली वाफेला निरोप दिला. १९६३ साली न्यूयॉर्कचं भव्य पेन स्टेशन पाडायला घेतलं. १९६८ साली ती कंपनी प्रतिस्पर्धी न्यूयॉर्क सेंट्रलशी एकत्र झाली आणि १९७० साली त्या जोडकंपनीचं दिवाळं निघालं. आमच्या तळघरातल्या वहीत पहिली नोंद १९६६ची आहे, आणि इंजिनं सगळी वाफेची, पेनसिल्व्हेनिया रेलरोडची. कोळसा गेला म्हणून तळघर मोकळं झालं, आणि कोळसा गेला म्हणूनच वरची इंजिनंही गेली. एकाच बदलाने जागा दिली आणि त्या जागेत काय ठेवायचं तेही दिलं. मला तरी या छंदाचा इतिहास याहून थोडक्यात सांगता येणार नाही.

या पंथातलं सर्वांत मोठं नाव जॉन ॲलन. जन्म १९१३, व्यवसायाने फोटोग्राफर. कॅलिफोर्नियात माँटेरे इथे १९५३ साली त्याने घर घेतलं आणि तळघरात 'गोरी अँड डिफीटेड' नावाची रेल्वे बांधायला घेतली. रक्तबंबाळ आणि पराभूत! स्पेलिंग मात्र असं तिरपागडं, की मोठ्याने वाचल्याशिवाय विनोद कळू नये. जमिनीपासून छतापर्यंत डोंगर, खोली वाढल्याचा भास व्हावा म्हणून योग्य जागी बसवलेले आरसे. नवी कोरी गाडी खोटी दिसते म्हणून त्याने गंज, काजळी, पावसाचे ओघळ रंगवले. यार्डात शंटिंगला एक डायनोसॉरही ठेवला होता, तिचं नाव एमा. ठरलेल्या संध्याकाळी मित्र जमत आणि वेळापत्रकाप्रमाणे गाड्या चालवत.

६ जानेवारी १९७३ रोजी ॲलन हृदयविकाराने गेला. वय एकोणसाठ. दहा दिवसांनी त्या घराला आग लागली आणि जवळजवळ वीस वर्षांचं काम जळून गेलं.

हे मी रात्री दीड वाजता वाचलं आणि बराच वेळ झोप लागली नाही. आमच्या धंद्यात यावर एकच प्रतिक्रिया असते : बॅकअप नव्हता का? तर होता, एका अर्थी. ॲलनने हजारो मॉडेलकारांसाठी फोटो छापले, युक्त्या लिहून काढल्या, 'टाइमसेव्हर' नावाचं शंटिंगचं कोडं रचलं. तो गेल्यावर लिन वेस्टकॉट यांनी त्याच्या रेल्वेवर लिहिलेलं पुस्तक १९८१ साली निघालं. पण त्याच्या आधीच्या वर्षी वेस्टकॉटही गेले होते. आज गंज रंगवणारा प्रत्येक जण ॲलनचंच काम पुढे करतो. जे तळघरात राहिलं ते जळालं, जे वाटून टाकलं ते उरलं.

आमच्या रेल्वेचा कर्रर्र आवाज मात्र टेबलाच्या वर नव्हता, खाली होता. पाठीवर झोपून वर पाहिलं तर रंगीत वायरींचं जंगल. मला एमआयटीच्या टेक मॉडेल रेलरोड क्लबची आठवण झाली. १९४६ साली सुरू झालेल्या त्या क्लबात एक गट वरचे डोंगर रंगवायचा आणि दुसरा टेबलाखाली टेलिफोनच्या रिले जोडून गाड्यांचं नियंत्रण करायचा. पीटर सॅमसनने १९५९ साली क्लबचा शब्दकोश केला, त्यात 'हॅक' हा शब्द आहे. टेबलाखालची हीच पोरं रात्री-बेरात्री एमआयटीच्या पहिल्या संगणकांवर जाऊन बसू लागली. माझ्या पेशाचा एक पूर्वज अक्षरशः रेल्वेच्या खाली सापडतो.

बिघाड शेवटी वहीत सापडला. दोन रुळांपैकी एक धन, एक ऋण. गाडी उलटी फिरवायला रूळ वळून स्वतःलाच मिळाला, की धन ऋणाला भिडतो आणि शॉर्ट होतो. म्हणून तो फेरा दोन्ही बाजूंनी कापून वेगळा ठेवतात आणि गाडी आत असताना ध्रुव पालटतात. ते पालटणारा रिले गंजून चिकटला होता. यजमानांनी शेजारी पेन्सिलीने लिहिलं होतं, "दमट दिवसांत चिकटतो. बदलणे." तारीख १९९१.

रविवारी संध्याकाळी बाईंना खुर्ची टाकली. त्यांनी मांडीवर एक लाकडी खोका घेतला. त्यात प्रत्येक वाघिणीचं कार्ड : कुठून निघाली, काय भरलंय, कुठे जायचं. टाइप केलेली. "ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी केलीत," त्या म्हणाल्या. "तो गाडी चालवायचा, मी कुठे जायचं ते सांगायचे." मग दोन तास त्यांनी सांगितलं आणि मी चालवलं. तीनदा रुळावरून घसरले. चौथ्या खेपेला कोळशाची गाडी कारखान्यात पोचली. बाई म्हणाल्या, "पंधरा मिनिटं लेट."

या शहरात एक अपवाद आहे. चार्ल्स बाउडिश यांनी ब्रुकव्हिल गावी आपल्या घरात मांडायला सुरुवात केलेली रेल्वे १९५४ साली पिट्सबर्गच्या बुल प्लॅनेटेरियममध्ये आली आणि १९९२ साली तेव्हाच्या कार्नेगी सायन्स सेंटरमध्ये गेली. बाउडिश गेल्यावरही ती चालते, दर वर्षी तिच्यात एखादी नवी प्रतिकृती येते. तिला पगारी माणसं आहेत. सगळ्यांना ते कुठून मिळणार?

आम्ही मे महिन्यात उकलली. त्याआधी मी वायरिंगचा पूर्ण नकाशा काढला, फोटो घेतले, कार्डं स्कॅन केली आणि गावातल्या एका क्लबला दिली. कार्डांचा मूळ खोका बाई मुलीकडे घेऊन गेल्या. मला त्यांनी एक वाघीण दिली. तिच्यातला कोळसा खरा आहे. यजमानांनी कोठीत शेवटी उरलेले खडे हातोडीने फोडून, चाळणीने चाळून भरलेला. टेबलावर ती माझ्या लॅपटॉपशेजारी असते. कधी धक्का लागला की दोन-चार काळे कण पडतात, ते मी परत आत टाकते.